अंगठ्याची शीर आणि शस्त्रक्रियेचा विचार

आपल्या संघाच्या स्मरणिकेत करपद्धती, बाजारपेठेतील चढउतार, वाहतुकीच्या अडचणी व सीमाभागातील व्यापाराचे प्रश्न यांची चर्चा दरवर्षी होत असते, व ती व्हावयासच हवी. आरोग्याचा विषय या पानांत क्वचित येतो. आणि आला तरी मधुमेह व हृदयविकार यांच्यापलीकडे तो सहसा जात नाही. यंदा आम्ही एका लहानशा दुखण्याविषयी लिहिण्याचे योजिले आहे. हे दुखणे जिवावर बेतणारे नाही, आणि तेच त्याच्या हेळसांडीचे कारण झाले आहे.

अंगठ्याच्या मुळाकडून मनगटाच्या कडेला येताना हाडाचा जो उंचवटा बोटाला लागतो, त्या ठिकाणी ही कळ निघते. सांडशीने पातेले उतरविताना, धुणे पिळताना, ताग्यावरील कापडावर कात्री चालविताना, तान्ह्या मुलास काखेत हात घालून उचलताना ती एकदम कोपराकडे धाव घेते. कोणी म्हणते नस चढली, कोणी म्हणते शीर आखडली, तर कोणी साराच दोष वातावर ठेवून मोकळे होते. वैद्यकात या रोगास डी क्वेर्व्हेन यांचे नाव आहे. हे स्विस शल्यवैद्य घड्याळांच्या धंद्यासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या ला शो-द-फों या गावी रुग्णालयात काम करीत असताना त्यांनी १८९५ साली अशा पाच रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे ते बर्न येथे प्राध्यापक झाले. गलगंडाच्या निवारणासाठी आयोडीनयुक्त मिठाचा पुरस्कार करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. तेव्हा आपल्या किराणा व्यापाऱ्यांनी मिठाची पिशवी गिऱ्हाइकाच्या हाती देताना या गृहस्थांचे स्मरण करावयास हरकत नाही.

रोगाचे स्वरूप समजल्याशिवाय उपचाराचा विचार करता येत नाही, म्हणून ते थोडक्यात सांगतो. स्नायूला हाडाशी जोडणारी जी दोरी असते तिला कंडरा म्हणतात; बोलीत आपण तिलाच शीर म्हणतो. अंगठा बाहेर नेणारी एक व तो ताठ करणारी एक, अशा दोन कंडरा या उंचवट्यावरून एका अरुंद बोगद्यातून जातात. बोगद्याची लांबी सुमारे दोन सेंटिमीटर. जमीन हाडाची व छत चिवट, तंतुमय आवरणाचे. कापडाच्या व्यापाऱ्यास हे समजावून देण्यास लेंग्याच्या नेफ्यासारखा दुसरा दृष्टान्त नाही. नेफा आतून जाड होऊन आक्रसला की नाडी अडते. अडलेली नाडी ओढली की नेफ्यास आणखी घासते. या रोगात आवरण मूळच्या कित्येक पट जाड होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यात खरा दाह थोडाच दिसतो. झीज व जाडी हीच मुख्य असते. म्हणून महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्या घेऊन हा जाड नेफा पातळ होईल ही आशा व्यर्थ होय. कळ तेवढ्यापुरती बोथट होते. मधुमेही व रक्तदाबाच्या माणसांच्या मूत्रपिंडांना मात्र त्या गोळ्या भोवण्याची भीती राहते.

आता आमचे म्हणणे. आपल्या घरांतून या रोगाची वासलात दोन निरनिराळ्या रीतींनी लागते, आणि दोन्ही रीती आम्हास अयोग्य वाटतात. गादीवरील कर्त्या पुरुषाचे मनगट दुखू लागले की, पंधरा दिवसांच्या आत तो बेळगावात नाही तर कोल्हापुरात तज्ज्ञाकडे जातो, आणि "काय ते एकदा कापून मोकळे करा" असे म्हणावयासही कचरत नाही. त्याच घरातील सुनेचे मनगट दुखते तेव्हा बाम, शेक, हळदीचा लेप आणि चोळणारी बाई यांत दीड-दोन वर्षे निघून जातात. पोळ्या लाटणे थांबत नाही, पापडाचा हंगाम टळत नाही. आणि शेवटी तिच्या हातून पातेले निसटून पडते तेव्हा कोठे वैद्याची आठवण होते. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो, आणि तीस ते पन्नास-पंचावन्न या वयात, म्हणजे घरकामाचा भार सर्वांत जड असतो त्या वयात होतो. तेव्हा ज्याला घाई करण्याचे कारण नाही तो घाई करतो, व जिच्या बाबतीत विलंब नको तेथे विलंब होतो, असा हा उलटा व्यवहार आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या पायऱ्या आहेत, आणि त्या ओलांडून जाणे शहाणपणाचे नाही. पहिली पायरी निदानाची. घरी मूठ मिटून, अंगठा आत धरून, हात करंगळीकडे वाकवून पाहण्याची एक परीक्षा आता मोबाईलवर सर्वांना पाठ झाली आहे. तिला लोक फिंकेलस्टाइन यांचे नाव देतात, पण ती वस्तुतः आयखहोफ यांनी १९२७ साली सांगितलेली आहे. न्यूयॉर्कच्या फिंकेलस्टाइन यांची १९३० सालची परीक्षा निराळी. तीत वैद्य स्वतः रुग्णाचा अंगठा धरून हात करंगळीच्या बाजूस झटकन नेतो. मुठीची परीक्षा निरोगी मनगटासही थोडीशी दुखविते. तेव्हा तेवढ्यावरून घरच्या घरी निर्णय करू नये. शिवाय पन्नाशीच्या पुढे अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज हे अगदी शेजारचे दुखणे असते. ते वगळण्यास बहुधा एक साधे क्ष-किरण चित्र पुरते. त्या सांध्याचे दुखणे असताना आवरण उसविले तर पैसे जातात, व्रण राहतो आणि दुखणेही राहते.

दुसरी पायरी विश्रांतीची. यासाठी पट्टा लावतात. तो अंगठ्यासकट मनगट धरणारा असावा. औषधांच्या दुकानात जो साधा मनगटपट्टा मिळतो त्यात अंगठा मोकळा राहतो, आणि अंगठा मोकळा राहिला म्हणजे रोगाचे कारणही मोकळेच राहिले. आमच्या पाहण्यात अनेक भगिनींनी असा पट्टा महिना-दोन महिने निष्ठेने वापरला व "पट्ट्याने काही होत नाही" असा निष्कर्ष काढला. योग्य पट्टा तीन ते सहा आठवडे वापरून, काम खरोखर कमी करून पाहावे. बाळंतपणानंतरच्या दुखण्यात तर धीर धरण्यास विशेष कारण आहे. मूल अंगावरचे दूध पिणे सोडू लागले की, पुष्कळ जणींचे मनगट आपोआप निवते. मूल उचलताना अंगठे फाकून काखेत न घालता तळहात खालून घालून उचलावे, एवढ्यानेही फरक पडतो.

तिसरी पायरी आवरणाच्या आत स्टेरॉइड औषधाच्या सुईची. हिच्याविषयी आपल्यात फार गैरसमज आहेत. सुई शिरेत टोचत नाहीत, शिरेभोवतीच्या जागेत देतात. आणि एका किंवा दोन सुयांनी बहुसंख्य रुग्णांना शस्त्राचे तोंड पाहावे लागत नाही. तथापि दोन गोष्टी रुग्णास आधी सांगितल्या पाहिजेत, आणि त्या सांगितल्या जात नाहीत ही आमची तक्रार आहे. मधुमेही माणसाची साखर या सुईनंतर काही दिवस वाढते. तेव्हा त्या दिवसांत ती वारंवार तपासावी. दुसरी गोष्ट आपल्या समाजात अधिक नाजूक आहे. औषध कातडीलगत सांडल्यास तेथील रंग उडून पांढरा डाग पडू शकतो, व खालची चरबी झिजून खळगा पडतो. गव्हाळ व सावळ्या कातडीवर तो ठळक दिसतो. बहुधा काही महिन्यांत तो भरून येतो, क्वचित कायम राहतो. आमच्या परिचयातील एका घरी उपवर मुलीच्या मनगटावरील अशा डागास पाहुण्यांनी कोड समजून बोलणी लांबविली. डाग औषधाचा होता, कोडाचा नव्हे. आणि कोड असते तरी त्यात लपविण्यासारखे काय होते, हा प्रश्न उरतोच. सुई सोनोग्राफीत पाहून दिली तर औषध नेमके जागी पडण्याची शक्यता वाढते. सोय असेल तेथे थोडा अधिक खर्च करून ती करून घ्यावी असे आम्ही सुचवू.

इतके करूनही चार-सहा महिने मनगट दुखतच राहिले, दोन सुयांनंतर कळ परत आली, रात्री झोप मोडू लागली, तर मात्र शस्त्रक्रियेस भिऊन तिसरी-चौथी सुई घेत बसू नये. येथे आम्ही स्पष्टपणे शस्त्रक्रियेच्या बाजूचे आहोत.

भीतीचे मूळ बहुधा शब्दात आहे. "शिरेचे ऑपरेशन" असे म्हटले की लोकांना वाटते, शीर कापणार आणि हात लुळा पडणार. वास्तविक शिरेला हातही लावीत नाहीत. नेफा उसवावयाचा, नाडी तशीच ठेवावयाची, एवढेच या शस्त्रक्रियेचे तत्त्व. संपूर्ण भूल लागत नाही. त्याच जागी सुईने बधिरता आणतात. त्या औषधात अ‍ॅड्रेनलिन मिसळले तर रक्तस्राव इतका कमी होतो की, दंडाला आवळपट्टा बांधण्याचीही गरज राहत नाही. रुग्ण जागा असतो, आणि याचा मोठा उपयोग असा की, आवरण उसविल्यावर शल्यवैद्य त्याला अंगठा हलवावयास सांगतो व दोन्ही शिरा मोकळ्या सरकतात की नाही हे तेथल्या तेथे पाहून घेतो. काम बहुधा अर्ध्या तासाच्या आत उरकते, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. योग्य रीतीने केलेल्या शस्त्रक्रियेचा गुण दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक जणांना येतो.

परंतु "लहान ऑपरेशन" म्हणून ते कोणाच्याही हाती द्यावे असे मात्र नाही. हे काम सोपे दिसते आणि त्यातच त्याचा धोका आहे. कातडीच्या लगेच खाली, चरबीच्या थरात, अंगठ्याच्या पाठीला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूचे दोन-तीन बारीक धागे नेमके याच जागेवरून जातात. घाईने सुरी खोल गेली आणि त्यांपैकी एखादा धागा कापला गेला, तर अंगठ्याची पाठ बधिर राहते. आणि कापल्या टोकास गाठ धरली तर सदऱ्याच्या बाहीचा स्पर्शही सोसवेनासा होतो. ही वेदना मूळच्या दुखण्याहून वाईट, आणि तिच्यावरील उपाय अवघड. म्हणून जाणता शल्यवैद्य सुरीने केवळ कातडी छेदतो व पुढची वाट बोथट हत्याराने, धागे बाजूस सारीत काढतो.

दुसरा फसवा भाग बोगद्यातच आहे. कित्येकांच्या मनगटात या एका बोगद्याचे आत पडदा घालून दोन कप्पे झालेले असतात, व अंगठा ताठ करणारी बारीक शीर दुसऱ्या कप्प्यात एकटीच असते. असा पडदा शवविच्छेदनात निम्म्याहून कमी मनगटांत आढळतो. ज्यांच्यावर शस्त्रक्रियेची पाळी येते त्यांच्यात मात्र तो निम्म्याहून अधिक जणांत सापडतो. यावरून सुई का फसली याचा उलगडाही पुष्कळदा होतो, कारण औषध एका कप्प्यात पडते व दुखणे दुसऱ्यात असते. आता मोठ्या शिरेचेही बहुधा दोन-तीन पदर असतात. त्यामुळे पहिलाच कप्पा उघडून दोन दोऱ्या दिसल्या की, काम झाले असे वाटून टाके घातले जातात. आमच्या माहितीतील एका धान्याच्या अडत्यांचे असेच झाले. एका मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली, व्रण सुरेख भरला, कळ तशीच. वर्षभराने दुसऱ्या शल्यवैद्याने तेच मनगट पुन्हा उघडले तेव्हा न उघडलेला कप्पा तेथे तसाच होता. आधी सोनोग्राफी केली असती तर पडदा बहुधा दिसला असता.

आवरण कोणत्या बाजूने उसवावे यालाही महत्त्व आहे. ते मनगटाच्या पाठीकडच्या कडेने उसविले म्हणजे तळहाताकडचा पदर कठड्यासारखा उभा राहतो व शिरा पुढे घसरत नाहीत. कठडाच कापून टाकला तर मनगट वाकविताना शिरा हाडावरून कट्‌कट् उड्या मारू लागतात. काही शल्यवैद्य आवरण नुसते उसविण्याऐवजी त्याचे पदर सरकवून शिवतात व बोगदा रुंद करतात, हेतू तोच.

कातडीवरील छेद आडवा घ्यावा की उभा, यावर शल्यवैद्यांत जुना वाद आहे. आडवा छेद कातडीच्या सुरकुतीत मिसळतो. उभ्या छेदातून मज्जातंतूचे धागे अधिक चांगले दिसतात. आम्हास विचाराल तर, व्रण थोडा दिसला तरी चालेल, धागा दिसला पाहिजे. अलीकडे दुर्बिणीतूनही ही शस्त्रक्रिया होते. तिने पहिल्या काही आठवड्यांत आराम लवकर पडतो व व्रण लहान राहतो. पण पाच-सहा महिन्यांनी पाहता दोन्ही पद्धतींचे रुग्ण जवळजवळ सारखेच असतात, आणि खर्च मात्र सारखा नसतो. सोनोग्राफीत पाहत बारीक सुईने किंवा पात्याने आवरण उसविण्याची नवी रीतही निघाली आहे. तीत छेद नाही म्हणण्याइतका लहान असतो. अनुभवी हातांत तिचे निकाल चांगले दिसतात. परंतु न पाहता, नुसत्या अंदाजाने केलेले हे काम मज्जातंतूच्या जवळिकीमुळे आम्ही धोक्याचे समजतो. "टाका नाही, दुखणे नाही, दहा मिनिटांत घरी" अशा जाहिराती आता शहरोशहरी लागल्या आहेत. कापडाचा तागा आपण वेष्टनावरून घेत नाही, उलगडून पोत पाहतो. तसेच येथे पद्धतीच्या नावापेक्षा ती करणाऱ्याचा हात पाहावा. आपण अशी मनगटे नेहमी करता काय, दुसऱ्या कप्प्याचा शोध घेता काय, आणि गुण न आल्यास पुढे काय, हे तीन प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. चांगला शल्यवैद्य त्यांनी रागावत नाही.

मधुमेह असलेल्यांनी शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नाही. साखर आटोक्यात आणून, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास त्या वैद्यास सांगून, मगच दिवस ठरवावा. आरोग्यविम्याचे कागद आधी वाचावेत. रुग्णालयात रात्र न काढता होणाऱ्या उपचारांविषयीची कलमे त्यात निराळी असतात, व पूर्वमंजुरीचा अर्ज आधी गेलेला बरा.

राहता राहिली ती शस्त्रक्रियेनंतरची गोष्ट, आणि येथे प्रश्न रुग्णालयाकडून घराकडे येतो. अंगठा पहिल्या दिवसापासून हळूहळू हलवावयाचा असतो; तो बांधून ठेवला तर शिरा आवरणास चिकटतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. लिहिणे, जेवणे, नोटा मोजणे ही कामे लवकर सुरू होतात. परंतु पिळणे, मळणे, थापणे, भरलेले डबे उचलणे यांस साधारण सहा आठवडे लागतात. दुकानदार या काळात नोकराकडून दुकानाचे शटर उघडून घेतो. सुनेच्या वाट्याची कणीक या सहा आठवड्यांत कोण मळणार, हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वीच घरात बसून ठरले पाहिजे. सासूबाईंनी, जावांनी आणि आम्ही म्हणू की घरातील पुरुषांनीही त्यात वाटा उचलावा. परातीत कणीक मळल्याने पेढीची पत कमी होत नाही. ज्या घरी हे ठरत नाही तेथे टाके निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी लाटणे हाती येते, व्रण ओढला जातो, मनगट सुजते आणि दोष शल्यवैद्याच्या माथी येतो.

व्रणाची जागा दोन-तीन महिने हुळहुळी राहते, व अंगठ्याच्या पाठीस थोड्या मुंग्याही येतात. धागे केवळ बाजूस सारले गेले असतील तर त्या हळूहळू जातात. टाके निघून जखम पुरती भरल्यावर खोबरेल लावून तेथे रोज थोडे हलके चोळावे. बांगड्या व घड्याळ तोवर दुसऱ्या हातात घालावे. बधिरपणा वाढत गेला, किंवा जागा लाल होऊन ठणकू लागली, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी शल्यवैद्यास हात दाखवावा.